भरतीचे भाकीत

भोपाळच्या मोठ्या तलावाला डोळ्यांना दिसेल अशी भरती कधी येत नाही. तरीही आपल्या गावाची उंची आपण समुद्रसपाटीपासूनच मोजतो. ही सपाटी समुद्रावर कोठे आखून ठेवलेली नाही. बंदरांतील भरतीमापक यंत्रांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढून ती ठरविली जाते. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून सुरू झाली. सर्वेक्षण खात्याने १९०९ मध्ये सिद्ध केलेले देशाचे उंचीमापन नऊ बंदरांच्या नोंदींवर उभे होते.

याच नोंदींतून दुसरे फळ मिळाले, ते भरतीच्या भाकिताचे. कोकणातील दर्यावर्दी पूर्वीपासून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढीत. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, हा त्यांचा हिशेब. मात्र पाणी किती चढेल, हे तो सांगत नाही. १८६७ नंतर विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हरात्मक विश्लेषणाची रीत घातली. भरती ही एकच लाट नसून अनेक नियमित लाटांची बेरीज आहे, हे तिचे सूत्र. चंद्राच्या मुख्य लाटेचा फेरा सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचा, तर सूर्याच्या लाटेचा बरोबर बारा तासांचा. हे काळ आकाशावरून कळतात. परंतु प्रत्येक लाटेची उंची आणि तिचा विलंब त्या त्या बंदराच्या नोंदीतूनच काढावा लागतो. भारतीय बंदरांसाठी १८७९ मध्ये इंग्लंडात एक यंत्र तयार झाले. अशा वीस लाटांची बेरीज ते चाकांनी व कप्प्यांनी करी.

आता या विद्येच्या मर्यादा पाहू. नोंद तोकडी असेल तर जवळजवळच्या लाटा एकमेकींपासून सुटत नाहीत. चंद्रसूर्यांच्या मुख्य लाटा वेगळ्या व्हावयास पंधरवडा पुरतो. काहींना सहा महिने लागतात. चंद्राच्या कक्षेचा एक फेर तर साडेअठरा वर्षांहून अधिक काळाचा आहे. शिवाय मुंबईचे आकडे भावनगरला चालत नाहीत. तेथील उधाणाची चढउतार मुंबईच्या दुपटीच्या आसपास असते. भराव घालून किनारा बदलला, गाळ साचला, तर जुने आकडेही शिळे होतात.

सर्वांत मोठी मर्यादा निराळीच आहे. वारा, पाऊस, वादळ, भूकंप यांची दखल या गणिताला नाही. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या लाटा आपल्या बंदरांतील यंत्रांनी टिपल्या. कोष्टकात त्या असणे शक्यच नव्हते. २६ जुलै २००५ रोजी दुपारी मुंबईला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. ती वेळ आधीच छापलेली होती. सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मात्र छापलेला नव्हता. भरतीने नाल्यांची तोंडे दाबली, आभाळाने शहर भरले, आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली.

म्हणून भरतीचे कोष्टक खोटे मानू नये, आणि पुरेसेही मानू नये. चंद्रसूर्यांचा वाटा ते चोख सांगते. उरलेला वाटा जाणण्यासाठी वेधशाळेचा इशारा ऐकावा लागतो, आणि धक्क्यावरचे मापक यंत्र दिवसरात्र चालू ठेवावे लागते. आजची अखंड नोंद हीच उद्याच्या भाकिताची शिदोरी होय.