मावळ्याच्या पायात काय होते?

आषाढ तोंडावर आला असताना आमच्या पेठेतल्या आखाड्यातली पाच-सहा पोरं घरी आली. पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची चाल त्यांना मावळ्यांच्या वेशात करायची होती. बाराबंद्या शिवून झाल्या होत्या, फेटे आणले होते. अडले होते ते पायाशी. "काका, पायात काय घालू? बूट घातले तर लोक हसत्यात, आणि मोजडी मसाई पठारापर्यंतबी टिकायची न्हाई." तीस वर्षे बखरी आणि मोडी कागद चाळतो आहे, त्यामुळे उत्तर जिभेवर असायला हवे होते. नव्हते. "दोन दिवसांनी या," म्हणालो. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या रात्रीची आठवण म्हणून ही चाल होते, त्या रात्री सगळा भरवसा वेशावरच होता. १६६० च्या आषाढी पौर्णिमेला, सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडलेला असताना, महाराज पन्हाळ्यावरून निसटले. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेश घेतलेला शिवा काशीद बसला होता, आणि तो वेश जितका वेळ शत्रूला खरा वाटला तितकी वाट महाराजांना मोकळी मिळाली. पन्हाळ्याच्या पायथ्याला नेबापुरात त्याची समाधी आहे. त्या वेशात नेमके काय होते हे मात्र आपण विचारत नाही.

साधनांकडे वळलो. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, म्हणजे लेखक त्या पिढीतलाच. अफजलखानाच्या भेटीला निघतानाचा पोशाख त्याने बारकाईने दिला आहे. अंगात जरीची कुडती, डोईस मंदील, मंदिलात तोडा. पुढे 'पायात' हा शब्द आला तेव्हा मी सावरून बसलो, पण पायात आहे तो चोळणा, म्हणजे आखूड विजार! त्या यादीत पादत्राण नाही. महाराज अनवाणी गेले असा याचा अर्थ काढणे मूर्खपणाचे होईल. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू लिहून ठेवायचे कुणाला सुचत नाही, एवढेच.

चित्रांची अडचण वेगळी. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याला गेले. तिकडच्या शैलीतली त्यांची चित्रे पुढे डच लोकांच्या हातून युरोपात पोचली. मनुचीने मीर मुहम्मदकडून करवून घेतलेले, महाराज घोड्यावर आणि भोवती पायदळ असलेले चित्र पॅरिसला आहे. ही चित्रे मोलाची आहेतच. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत आपण भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून पूजत होतो, हे विसरता येत नाही. पण चित्रकार दरबारी शिस्तीतले होते. जामा, पटका, शिरपेच ते निगुतीने काढतात. मावळातून पोटासाठी आलेल्या शिपायाचा पाय हा त्यांचा विषयच नव्हता.

मग आपल्या डोळ्यांसमोरचा मावळा आला कुठून? माझे उत्तर कोल्हापूरकरांना आवडणार नाही, पण तो बराचसा आपल्याच गावात तयार झाला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड' १९२३ चा. त्यात शेलारमामा झालेले शांताराम १९३० मध्ये प्रभातच्या 'उदयकाल'मध्ये शिवाजी झाले, तेव्हा प्रभात कोल्हापुरातच होती. त्यानंतर भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर'पासून 'मराठा तितुका मेळवावा'पर्यंत तीन पिढ्यांना शिवकाळ दाखवला. 'पावनखिंड' नावाचा चित्रपटही त्यांनी १९५६ मध्ये केला. कृष्णधवल पडद्यावर साधे सुती कापड मरगळलेले दिसते आणि जर उठून दिसते. पाय तर चौकटीत क्वचितच येतात. त्यामुळे नाटकातली टोकदार मोजडी सरदारापासून हुजऱ्यापर्यंत सगळ्यांना चालून गेली. त्या कलावंतांना मी दोष देत नाही. ते चित्रपट करत होते, आपण त्याचा पुरावा केला.

जिरेटोपाचे असेच झाले. 'जिरह' म्हणजे फारसीत कड्यांचे चिलखत. जिरेटोप हे लढाईतले शिरस्त्राण. आज शिवजयंतीला तो मखमली कापडाचा, मोत्यांच्या माळा लावलेला मिळतो. जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या, हा त्या काळचा ठळक संकेत. भाड्याच्या पोशाखात बंद शिंपी लावेल तिकडे असतात.

इथे अमेरिकेतला एक खेळ आठवतो. एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीच्या बंदुकांनी, त्या काळच्या गुराख्यांच्या वेशात नेमबाजी करणाऱ्यांची एक संस्था १९८७ पासून तिथे आहे. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचे, वेश त्या काळचा घालायचा. टेनिसचे बूट आणि बेसबॉलची टोपी चालत नाही. त्यांना बुटाची अडचण नाही, कारण त्या बुटाचा आकारच कामातून आला: रिकिबीत पाय आरपार जाऊ नये म्हणून उंच टाच, पडताना पाय सुटावा म्हणून गुळगुळीत तळ. पण मला आवडली ती त्यांची दुसरी गोष्ट. जुन्या चित्रपटांतल्या गुराख्यासारखा वेश करायचा असेल, तर त्यासाठी वेगळा गट आहे. चित्रपटाचा वेश हलका नाही, फक्त त्याने इतिहासाचा वेश असल्याचा दावा करायचा नाही. आपल्या मिरवणुकीत हे दोन्ही गट एकाच घोड्यावर बसलेले असतात.

पायाकडे परत येतो. पोरांचे म्हणणे पडले, "मग कोल्हापुरी चप्पल घालू की, ती तर आपलीच." आपली खरीच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल दिसली तेव्हा अख्खे कोल्हापूर चवताळले. पण चप्पल लाइनीत मिळणारी पातळ, वेणीची, नाजूक कानांची चप्पल ही बाजारपेठेने घडवलेली वस्तू आहे. ती शिवकालीन म्हणून घालण्यात मोजडीइतकाच धोका. शिवाय तिची ख्याती करकर वाजण्याची. शत्रूच्या चौक्या चुकवत रात्री निघालेल्या माणसाने करकरती पायताणे घातली असतील, हे माझ्या मनाला पटत नाही.

तिच्या मागची विद्या मात्र जुनी. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे, म्हशीच्या कातड्याचा तळ, खिळा न मारता चामड्याच्या वादीने घातलेले टाके. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चर्मकारांनी जोडा बांधायचा. ज्यांचे हात या कामाला लागले त्यांची नावे कुठल्याच बखरीत नाहीत, आणि शिपायाच्या पायात काय होते हे आपल्याला कळत नाही याचे एक कारण तेही आहे. सुभाषनगरातल्या एका वृद्ध कारागिराला मी विचारले. ते म्हणाले, "पावसात कातडं घालून चालतंय कोण? पाणी पितंय, फुगतंय, टाका ढिला हुतो. आमचा आजा पायताण काखंत मारून वढा वलांडायचा."

शिवकालाचा पुरावा म्हणून हे घेता येत नाही, पण पाऊस, चिखल आणि साल लावून कमावलेले कातडे यांचे नाते तेव्हाही हेच असणार. आम्ही ते करून पाहिले. त्याच कारागिराकडून जाड तळाच्या, दोन पट्ट्यांच्या, कसलीही नक्षी नसलेल्या तीन जोड वहाणा करून घेतल्या आणि आठवडाभर त्यांना तेल पाजले. मसाई पठाराच्या जांभ्यावर त्या उत्तम चालल्या. तिथे अनवाणी चालणाऱ्याचे तळवे सोलून निघतात. कुंभारवाडीच्या पुढे शेतांतला लाल चिखल लागला, तशी प्रत्येक पावलाला वहाण मागेच राहू लागली. खोतवाडीच्या अलीकडे एकाचा अंगठा तुटला, वहाणेचा. उरलेल्या दोघांनी न सांगता वहाणा काढून कमरेच्या शेल्यात खोचल्या. पुढच्या पठारी वाटेवर पुन्हा घातल्या, ओढ्याशी पुन्हा काढल्या. कांबळ्याची खोळ डोक्यावर, पायताण कमरेला, चोळणा गुडघ्याच्या वर: हा मावळा मी कुठल्याही चित्रात पाहिलेला नव्हता. पण त्या वाटेवर तो मला मोजडीवाल्यापेक्षा खरा वाटला. बाकीच्या पोरांनी निमूट बूट घातले होते, आणि मीही. पन्नाशी उलटल्यावर घोटा मुरगळून घेण्यात इतिहासाची सेवा होत नाही.

आखाड्यात मर्दानी खेळ होतो तेव्हा पायाचा प्रश्नच नसतो. लाठी, फरीगदगा, पट्टा, विटा, सगळे तांबड्या मातीत अनवाणीच. पोशाखाचे आम्ही असे ठरवले की जरीची बाराबंदी आणि भगवे फेटे मिरवणुकीसाठी राहू देत, पण कार्यक्रमपत्रिकेत 'पोशाख : जुन्या मराठी चित्रपटांच्या धर्तीवर' एवढी ओळ छापायची. चालीसाठी जाडेभरडे सुती, डाव्या बंदाचे. वस्तादांना ती ओळ पटलेली नाही. लोकांचा हिरमोड होईल असे त्यांचे म्हणणे आहे. तुटलेल्या अंगठ्याची वहाण दुरुस्तीला सुभाषनगरात दिली आहे.