यजमान कोण, पाहुणा कोण?

फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांना एका परक्या सणाच्या ताटाची हकीकत सांगावी म्हणतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिन पाळतात. टर्की नावाचा थोराड पक्षी भाजून सारे कुटुंब एकत्र जेवते. या सणाच्या मूळकथेची टेक्स अ‍ॅव्हरी या व्यंगचित्रपटकाराने १९४५ साली ‘जर्की टर्की’ या छोट्या बोलपटात यथेच्छ टिंगल केली.

साल दाखवले आहे १६२०. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून धर्मनिष्ठ इंग्रज यात्रेकरू उतरतात आणि चक्क सिगारेटींसाठी रांग लावतात! महायुद्धाच्या टंचाईने गांजलेल्या प्रेक्षकांना त्या पूर्वजांत आपलेच तोंड दिसले असणार. मग एक यात्रेकरू टर्कीच्या मागे लागतो. मधून मधून एक अस्वल ‘जोच्या खाणावळीत जेवा’ अशी पाटी मिरवीत जाते. अखेर शिकारी आणि सावज दोघेही तिकडे वळतात, आणि अस्वलाच्या पोटात जातात.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. हसून झाल्यावर खऱ्या ताटाकडे नजर जातेच. मेफ्लॉवरवर १०२ उतारू होते. पहिल्या हिवाळ्याअखेर त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. उरलेल्यांना मका पेरायला शिकवले ते टिस्क्वांटम नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशाने. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रजाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तो परतला, तेव्हा त्याचे गाव साथीने ओस पडले होते. त्याच जागी यात्रेकरूंनी प्लिमथ वसवले. १६२१ च्या सुगीनंतर मेजवानी झाली. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांनिशी आला. त्याच्या लोकांनी ५ हरणे मारून आणली.

आता सांगा, यजमान कोण आणि पाहुणा कोण?

पुढे १६७५ मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याने वसाहतींविरुद्ध शस्त्र उचलले. १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याचे मुंडके प्लिमथमध्येच खांबावर लावले गेले. बापाने मेजवानीला हरणे दिली, त्याच गावी! १९७० पासून त्या मूळ रहिवाशांचे वंशज आभारदिनालाच प्लिमथमध्ये शोकदिन पाळतात.

थट्टा करू नये असे मी म्हणणार नाही. पूर्वजांना देव्हाऱ्यातून उतरवून रांगेत उभे केले, हे अ‍ॅव्हरीने चांगलेच केले. पण माझ्या वर्गात हे चित्र दाखवायचे झाले, तर दिवे मालवण्यापूर्वी मी टिस्क्वांटमची गोष्ट सांगेन. मग शेवटच्या अस्वलाला पोरे हसतीलच, पण एखादे पोर विचारीलही, “गुरुजी, मका शिकवणारा माणूस यात कुठे आहे?”