गॅरेजच्या गोष्टीमागचे घर

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी नवउद्योजकता कक्ष सुरू झाला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतील दोन मित्रांनी मोटारीच्या गॅरेजात, खिशातल्या थोड्या पैशांवर जगप्रसिद्ध कंपनी उभी केली. कल्पना आणि जिद्द असली की बाकी काही लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या.

पुढे संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला. रेशन दुकानात धान्य आले की कार्डधारकाला मोबाइलवर कळावे, अशी प्रणाली त्याने तयार केली होती. कक्षाने ती पसंत केली. टेबल, इंटरनेट व मार्गदर्शक देऊ केले. अट एकच, सहा महिने दुसरे काम धरायचे नाही. तो म्हणाला, "सर, सहा महिने आईला काय पाठवू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. महिन्याभराने तो एका गोदामात कामाला लागला. घरातला पहिला पदवीधर असल्याने त्याचा प्रश्न मला समजावून घ्यावा लागला नाही. पण पाहुण्यांनी सांगितलेली गोष्ट खरी किती, हे तपासावेसे वाटले.

ती गोष्ट विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांची. १९३९ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ५३८ डॉलर भांडवलावर त्यांनी कंपनी सुरू केली, हे खरे. पण त्या गॅरेजामागे एक घर होते आणि घरामागे एक विद्यापीठ होते. स्टॅनफर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणाऱ्या पॅकार्डला १९३८ साली विद्यावेतन मिळवून देऊन परत बोलावले. त्याची पत्नी ल्यूसिल विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरीला होती. तिच्या पगाराचा घराला आधार होता. ह्यूलेटचे वडील स्टॅनफर्डमध्येच वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. पॅकार्डचे वडील वकील. कंपनीचे पहिले उत्पादन, म्हणजे ध्वनियंत्रणा तपासण्याचा ऑसिलेटर, ह्यूलेटच्या विद्यापीठातील अभ्यासातूनच निघाले. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने एका चित्रपटासाठी असे आठ ऑसिलेटर विकत घेतले. म्हणजे विद्यावेतन, घरातला पगार, विद्वानांच्या घरातले वळण आणि मोठे गिऱ्हाईक, एवढे सगळे त्या गॅरेजात हजर होते. गोष्ट सांगताना तेवढेच गाळले जाते.

१९३७ साली त्याच विद्यापीठाने आपला माजी विद्यार्थी रसेल व्हेरियन आणि त्याचा भाऊ सिगर्ड यांना प्रयोगशाळा वापरू दिली आणि साहित्यासाठी शंभर डॉलर दिले. मोबदल्यात शोधाच्या उत्पन्नात निम्मा वाटा ठरला. त्यातून क्लिस्ट्रॉन ही नळी निघाली. पुढे महायुद्ध आणि शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारचा, म्हणजे जनतेचा पैसा या विद्यापीठात ओतला गेला. १९५१ साली विद्यापीठाच्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. ज्याला व्यक्तीचे कर्तृत्व म्हणतात, त्याच्या पायाशी सार्वजनिक पैसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी एक बाब. टर्मन यांचे वडील लुईस टर्मन हे स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक. बुद्धिमापनाची स्टॅनफर्ड-बिने चाचणी त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. बुद्धी रक्तातून येते, असे मानणाऱ्यांत ते होते. एका पिढीने बुद्धी जन्मजात ठरवली, दुसऱ्या पिढीने निवडक मुलांना हात दिला. गुणवत्ता जन्माने ठरते, हा सिद्धांत आपल्याला नवा नाही. आपल्याकडे त्याला धर्माचा आधार होता, तिकडे विज्ञानाचा देण्यात आला.

आता आपल्या इतिहासाकडे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देणारा व्यवसाय काढला. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान असलेला सल्लागार त्या बाजारात क्वचितच असेल. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला. कल्पना कमी पडली नव्हती, जिद्दही नव्हती. गिऱ्हाईकाचा विश्वास जातीने अडवला. नवउद्योजकतेचे वर्ग घेणाऱ्यांनी गॅरेजच्या गोष्टीबरोबर ही गोष्टही सांगावी.

आपल्या देशात विज्ञान-तंत्रज्ञान उद्योजकतेसाठी १९८२ साली राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. मुंबईच्या आयआयटीत २००४ साली 'साइन' हे केंद्र निघाले. २०१६ साली स्टार्टअप इंडिया आले, अटल इन्क्युबेशन केंद्रे आली. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन जाहीर व्हायला २०२० साल उजाडले. निवडलेल्या कल्पनेला तीन वर्षांत तीस लाख रुपयांपर्यंत भागभांडवल, अशी ती योजना. तिचे स्वागतच आहे. पण भागभांडवल कंपनीला मिळते, आणि कंपनी निघण्याआधीचे सहा महिने विद्यार्थ्याला स्वतःच्या पोटावर काढावे लागतात. आपली मुले त्या सहा महिन्यांतच गळतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय हवी, हा त्यामागचा साधा हिशेब होता. तोच हिशेब नवउद्योजकता कक्षांना लागू केला पाहिजे. निवडलेल्या विद्यार्थ्याला घरी पैसे पाठवता येतील एवढे विद्यावेतन द्या. त्याने केलेली वस्तू विद्यापीठाने स्वतः पहिल्यांदा विकत घ्यावी, म्हणजे बाजारात जातीला तोंड देण्याआधी त्याच्या हाती एक गिऱ्हाईक असेल. प्रयोग फसला तर कर्ज त्याच्या डोक्यावर राहू नये. आणि प्रत्येक केंद्राने आपल्याकडे कोणत्या समाजातील किती विद्यार्थी आले, किती टिकले, हे दरवर्षी जाहीर करावे.

ही भीक नाही. स्टॅनफर्डने प्राध्यापकाच्या मुलासाठी आणि वकिलाच्या मुलासाठी जे केले, तेच आपण मजुराच्या मुलासाठी मागत आहोत. विद्यार्थी संघटनांनी आणि शिक्षकांनी हा प्रश्न विद्यापीठाच्या अधिसभेत मांडला पाहिजे. गोदामात गेलेल्या त्या मुलाची प्रणाली अजून माझ्या संगणकावर आहे. ती चालते. पण त्याच्या गावच्या रेशन दुकानासमोर त्याची आई आजही धान्य आले की नाही ते पाहायला हेलपाटे घालते.