मुकुटधाऱ्यांचा संघ

प्राचीन ग्रीक मल्लांचें नांव घेतांच ऑलिंपियाचें क्रीडांगण व विजेत्याच्या मस्तकावरील ऑलिव्हचा मुकुट डोळ्यांपुढें उभा राहतो. तेथें दुसऱ्या क्रमांकास मान नव्हता. अशा हाडाच्या प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र येऊन संघ स्थापावे, हें प्रथमदर्शनीं विपरीतच वाटतें. परंतु रोमन अमलाखालील ग्रीकभाषी जगांत असे संघ होते, आणि त्यांचें वजनहि मोठें होतें.

याचें कारण मल्लांच्या भटक्या आयुष्यांत आहे. ते एका उत्सवाहून दुसऱ्या उत्सवास जात. स्वतःच्या नगरांत पूज्य असलेला वीर परक्या नगरांत केवळ वाटसरू ठरे. तेथें एकट्याचें बाहुबळ काय कामाचें? ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत मार्क अँटनीनें आशिया प्रांतांतील ग्रीकांस लिहिलेलें एक पत्र पपायरसावर टिकून राहिलें आहे. अँटनीचा मित्र व मल्लशिक्षक आर्टेमिडोरस यानें रदबदली केली, व जगभरच्या मुकुटधारी विजेत्यांच्या संघास लष्करी चाकरी, नगराचीं खर्चिक कामें आणि घरीं शिपाई उतरविणें यांपासून माफी मिळाली.

पुढें संघाचें ठाणें रोमांत आलें. इफिससच्या उल्पियस डोमेस्टिकसच्या शिष्टाईवरून हेड्रियननें १३४ सालीं जागा देण्याचें मान्य केलें. ट्रेजनच्या स्नानगृहांजवळची ती जागा नेमून देणारें पत्र मात्र १४३ सालीं अँटोनिनस पायसनें लिहिलें.

ईजिप्तमधील हर्मिनस नांवाच्या मुष्टियोद्ध्यास १९४ सालीं नेपल्स येथें मिळालेलें सभासदपत्र उपलब्ध आहे. त्यानें प्रवेशशुल्काचे शंभर देनारी भरल्याची नोंद त्यांत आहे. आणि वर जुन्या बादशहांच्या पत्रांच्या नकला आहेत. ब्रिटनच्या विजयाप्रीत्यर्थ संघानें पाठविलेल्या सोन्याच्या मुकुटाबद्दल क्लॉडियसनें ४६ सालीं मानलेले आभार संघानें दीडशें वर्षें जपून ठेवले होते!

परंतु या मानाचा खर्च कोणी सोसावा? विजेत्यांचें वेतन त्यांच्या नगरांच्या तिजोरींतून जाई. तें स्वनगरप्रवेशाच्या दिवसापासून न धरतां विजयाच्या दिवसापासून धरावें, अशी मल्लांची मागणी प्लिनीनें ट्रेजनास कळविली. ट्रेजननें ती अमान्य केली. पुढें डायोक्लिशियननें (२८४–३०५) निर्बंध घातला कीं, ज्यानें निदान तीन मुकुट, त्यांतील एक तरी रोमांत अथवा प्राचीन ग्रीसमध्यें, लांचलुचपत न करितां मिळविले असतील, त्यासच माफी मिळावी.

या संघांस लोभी म्हणून हिणवणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मल्लाचें बळ थोड्या वर्षांचें. तें ओसरल्यावर त्यास आधार हवाच. मात्र सवलत घेणाऱ्याचा भार त्याच्या शेजाऱ्यावर पडतो, हेंहि विसरतां येत नाहीं. हर्मिनसच्या मुकुटांचीं पानें केव्हांच वाळून गेलीं. त्याच्या शंभर देनारींची नोंद मात्र आज आपणांस वाचावयास मिळते.