अंगावरून गेलेले वारे आणि हरवलेली आठवण : एका जुन्या नात्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
केज तालुक्यातील युसूफ वडगावात, आमच्या घरी, दोन वर्षांपूर्वी आजीच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात लुळा पडला, वाचा अडखळली. उपचार झाले आणि हात बराचसा परत आला. पुढच्या वर्षभरात मात्र ती कामाचा क्रम विसरू लागली. पीठ मळून ठेवायची आणि चूल पेटवायचे राहून जायचे. गावाने निकाल दिला, "साठी बुद्धी नाठी." हात का गेला हे सर्वांना ठाऊक होते. आठवण का गेली, या प्रश्नाला 'वय' एवढेच उत्तर होते.

२/
मी इतिहासाचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. म्हणून माझा प्रश्नही इतिहासाचाच आहे. पक्षाघात आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध माणसाच्या लक्षात केव्हा आला? मध्यंतरी तो दृष्टीआड का झाला? आणि पुन्हा कसा सापडला? या प्रवासात खर्ड्याची लढाई आहे, मुंबईचे एक डॉक्टर आहेत आणि बीडचा ऊसतोड कामगारही आहे.

३/
आरंभ शब्दांपासून करू. 'अंगावरून वारे जाणे' या प्रयोगात आयुर्वेदातला वात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात 'पक्षवध' येतो : कुपित वात शरीराची उजवी किंवा डावी बाजू धरतो, शिरा व स्नायू सुकवतो, हालचाल थांबवतो, वाचा अडवतो. निरीक्षण अचूक आहे. त्या वर्णनात शिरा आहेत, मेंदू मात्र नाही.

४/
'लकवा' हा शब्द अरबीतून आला. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे तोंड वाकडे होणे, तर अर्धे अंग जाणे म्हणजे फालिज. आपण दोन्हींना लकवाच म्हणू लागलो. ग्रीकांचा शब्द 'अपोप्लेक्सी', अर्थ फटका बसणे. आपल्या 'पक्षाघाता'तही आघात आहेच. वारे असो वा फटका, हे संकट बाहेरून येऊन माणसावर कोसळते, अशी ही कल्पना होती.

५/
आणि स्मृती? ती दुसऱ्या प्रकरणात गेली. चरकाने मन, बुद्धी आणि स्मृती यांच्या विभ्रमाचा विचार 'उन्माद' या व्याधीखाली केला. लोकभाषेने म्हातारपणीच्या बदलाला 'म्हातारचळ' म्हटले. अशा रीतीने हातपाय एका खणात आणि आठवण दुसऱ्या खणात अशी वाटणी झाली. आमच्या घरात झाली तीही हीच वाटणी.

६/
आता आपल्या मुलखातले एक उदाहरण. मार्च १७९५. बीडच्या सीमेलगत खर्डा येथे मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. हाच निजाम पुढे अर्धांगवायूने ग्रासला गेला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वारला. त्या काळच्या इंग्रज पत्रव्यवहारात त्याच्या प्रकृतीची चिंता वारंवार डोकावते. चिंतेचे कारण उघड होते : गादीवर पुढे कोण? राज्यकर्त्याचा पक्षाघात ही राजकीय घटना असते. सामान्य घरातला पक्षाघात कागदावर येत नाही.

७/
यापूर्वीच युरोपात एक महत्त्वाचे पाऊल पडले होते. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर याने पक्षाघाताने मेलेल्यांची शवविच्छेदने केली आणि १६५८ मध्ये निष्कर्ष छापला : हा विकार मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा आहे. कधी रक्तवाहिनी फुटून रक्त साचते, तर कधी वाट अडून मेंदूला रक्त पोहोचत नाही. आजही पक्षाघाताचे मुख्य प्रकार हे दोनच मानले जातात.

८/
१६६४. जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याचा मेंदूरचनेवरील ग्रंथ निघाला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे कडे असते त्याला आजही विलिसचे नाव आहे. त्या ग्रंथातील चित्रे काढणाऱ्यांत पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारा ख्रिस्तोफर रेन होता. १६७२ च्या दुसऱ्या ग्रंथात विलिसने बुद्धीचे मांद्य आणि विस्मरण यांच्याबरोबर येणाऱ्या अर्धांगाचीही नोंद केली. दोन खणांमधली भिंत इथे प्रथम हलली.

९/
पुढची मोठी हालचाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८९४ मध्ये ओटो बिन्सवांगर याने मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाची झीज आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांचा संबंध मांडला. त्याच सुमारास एक तरुण जर्मन डॉक्टर कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे खंगणाऱ्या मेंदूचा अभ्यास करीत होता. त्याचे नाव अलोइस अल्झायमर. होय, तोच!

१०/
ज्या रुग्णामुळे हे नाव जगाला कळले ती ऑगस्टे डेटर. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आली तेव्हा तिचे वय ५१. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर अल्झायमरला तिच्या मेंदूत प्रथिनांचे साचे आणि पेशींमध्ये गुंतलेले तंतू दिसले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. पण तेव्हा तो तुलनेने तरुण वयात होणारा, विरळा आजार मानला गेला. म्हाताऱ्यांच्या विसरण्याचे खापर रक्तवाहिन्यांच्या कठीणपणावरच फुटत राहिले.

११/
म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोष रक्तवाहिन्यांकडे होता, पण चुकीच्या रीतीने. वय वाढले की रक्तवाहिन्या कठीण होणार, रक्त कमी पडणार आणि मेंदू हळूहळू उपाशी राहणार, अशी ती समजूत होती. हा वयाचा क्रम म्हटल्यावर उपाय कोण शोधणार? 'साठी बुद्धी नाठी'चीच ही वैद्यकीय आवृत्ती होती.

१२/
१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांचे मेंदू तपासले. अनेकांच्या मेंदूत अल्झायमरने पाहिले होते तेच बदल आढळले. ज्याला विरळा समजले तो आजार म्हातारपणी सर्रास होता. पण ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग रक्ताअभावी मेला होता, त्यांच्यातही स्मृतिभ्रंश दिसला.

१३/
१९७४ मध्ये व्लादिमिर हॅचिन्स्की व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये जुनी समजूत मोडली. रक्तवाहिन्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो तो मेंदू सतत अर्धपोटी राहिल्याने नव्हे. लहानमोठे अनेक पक्षाघात होऊन मेंदूचे तुकडे मरत गेल्याने होतो. युक्तिवाद बारीक वाटेल, पण परिणाम मोठा आहे. पक्षाघात टाळता येतो. म्हणजे हा स्मृतिभ्रंशही काही अंशी टाळता येतो.

१४/
यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. संशोधनाचे लक्ष अल्झायमरकडे वळले आणि रक्तवाहिन्या मागे पडल्या. १९९७ मध्ये अमेरिकेतील जोगिणींच्या प्रसिद्ध अभ्यासाने दोन्ही बाजू एकत्र आणल्या. या ख्रिस्ती साध्वींनी मरणोत्तर मेंदूदान केले होते. अल्झायमरचे बदल असलेल्यांपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात लहान पक्षाघातांच्या खुणाही होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण फार जास्त निघाले. म्हणजे एकच मेंदू दोन्ही ओझी वाहत असतो, आणि दुसरे ओझे पडले की पहिले असह्य होते.

१५/
हे घडते कसे? मोठी रक्तवाहिनी बंद झाली की हात किंवा वाचा जाते आणि घर जागे होते. पण केसासारख्या बारीक वाहिन्या एकेक करून बंद झाल्या तर बाहेर काहीच दिसत नाही. आत विचारांच्या वाटा तुटत जातात. त्यामुळे अनेकदा आधी नावे विसरली जात नाहीत. कामाचा क्रम, निर्णय आणि विचारांचा वेग बिघडतो. ऱ्हासही पुष्कळदा पायऱ्यापायऱ्यांनी होतो : काही महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली. आजीची न पेटलेली चूल मला इथे समजली.

१६/
२००९ मध्ये पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. साधारण दहापैकी एका रुग्णाला पहिल्या पक्षाघाताआधीच स्मृतिभ्रंश असतो. आणखी दहापैकी एकाला तो पहिल्या पक्षाघातानंतर लवकरच होतो. पक्षाघात पुन्हा झाला तर हे प्रमाण एकतृतीयांशाच्या वर जाते. म्हणून पहिल्या झटक्यानंतर दुसरा रोखणे हे हातापायांसाठी जितके आवश्यक, तितकेच आठवणींसाठीही.

१७/
यामागचा सर्वांत मोठा, पण हाताळता येणारा शत्रू म्हणजे उच्च रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे साधन रिवा-रोची याने १८९६ मध्ये मांडले. १९०५ मध्ये कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची पद्धत दिली. मोजता आले, पण उतरवता येईना. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसासाठीही परिणामकारक गोळी नव्हती.

१८/
इथे मुंबईचे नाव येते. सर्पगंधा आपल्याकडे जुनी वनस्पती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाबद्दल लिहिले होते. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या रुग्णांवरील अनुभव छापला आणि जगाचे लक्ष वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. पण 'रक्तदाब गोळीने उतरतो' हा विश्वास रुजवणाऱ्यांत मुंबईचा हा डॉक्टर आघाडीवर होता.

१९/
एक योगायोग. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात हजारो माणसांच्या हृदयाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. वाढता रक्तदाब हा वयाचा निरुपद्रवी भाग असून शरीराला त्याची गरजच असते, ही समजूत या अभ्यासाने खोडून काढली.

२०/
रक्तदाब उतरवल्याने बुद्धी वाचते का? २०१९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचे ध्येय असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. २०२५ मध्ये चीनमधील ३२६ खेड्यांतल्या जवळपास ३४ हजार लोकांवरील चाचणीचा निष्कर्ष आला : गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेटाने रक्तदाब आवरला, तेव्हा चार वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. हे काम मोठ्या शहरात नव्हे, खेड्यांत झाले.

२१/
आणि आपली खेडी? गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा मागोवा घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्का देणारा होता : तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात; साधारण सात मृत्यूंमागे एक. 'बीपी हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार' हा समज तिथेच संपतो. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ चा अंदाज आहे. प्रमाण ग्रामीण भागात आणि स्त्रियांत अधिक आहे.

२२/
बीडमध्ये याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातून कोयते निघतात. नवराबायकोच्या जोडीलाच आमच्याकडे कोयता म्हणतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे. पायरी खाली गेलेली पाहणारे डोळेच तेव्हा घरात नसतात. परतल्यावर मुलगा म्हणतो, "आई एकदम थकली."

२३/
म्हणून इतिहासाच्या या धाग्यात थोडे व्यवहाराचे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून लगेच मोठ्या रुग्णालयाची वाट धरा. गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आमच्या शेजारच्या अंबाजोगाईत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या भागात असे ठिकाण कोणते, हे आजच माहीत करून घ्या. आणि पक्षाघातातून सावरलेल्या माणसाच्या तपासणीच्या वेळी हातापायांबरोबर आठवणीबद्दलही डॉक्टरांना सांगा.

२४/
वेप्फरपासून आजपर्यंत साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. 'वय झाले' या दोन शब्दांनी या काळात पुष्कळ प्रश्न बंद केले, आणि ते पुन्हा उघडायला प्रत्येक वेळी कोणाला तरी मेंदूत डोकावून पाहावे लागले. आजीची गेलेली आठवण परत येईल असे नाही. पण तिची रक्तदाबाची गोळी आता चुकत नाही. माझा धाकटा भाऊ रोज रात्री कॅलेंडरवर खूण करतो. दिवाळीपासून ती त्याच पायरीवर स्थिर आहे.

२५/
एक विनंती. पक्षाघाताला आणि म्हातारपणीच्या विस्मरणाला तुमच्या गावात कोणते शब्द आहेत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. शब्द जमले तर त्यांचा स्वतंत्र धागा करू. आणि विचारायला बसलातच, तर त्यांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, हेही विचारा. धागा संपला.