पत्री सरकार आणि कोणत्याही सभागृहात मंजूर न झालेला कर

पत्री सरकार म्हटले की आपल्याला तळपायाला ठोकलेली पत्री, भूमिगत तुकड्या आणि क्रांतिसिंह नाना पाटलांची भाषणे आठवतात. त्या काळात बाजारात काय चालले होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते सातारचे प्रतिसरकार समजून घ्यायचे तर तेव्हाच्या रुपयाचीही चौकशी करावी लागते.

त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके त्यातच येत. सांगली, मिरज ही संस्थाने वेगळी. इथल्या शेतकऱ्याने दहा-बारा वर्षांत पैशाची दोन्ही रूपे पाहिली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, जवळपास निम्म्यावर आले. पण शेतसारा रोख आणि ठरलेला होता. तेवढाच सारा भरायला दुप्पट धान्य विकावे लागले. कायद्यात सारा वाढला नव्हता, घरात तो वाढला होता. नाना पाटील हे मूळचे तलाठी, म्हणजे सारा वसुलीच्या यंत्रणेतलाच माणूस. ती नोकरी सोडून ते १९३० च्या चळवळीत उतरले.

दुसऱ्या महायुद्धात चाक उलटे फिरले. ब्रिटनने हिंदुस्थानातून सैन्यासाठी धान्य, कापड, सामान उचलले. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर जमा व्हायची आणि त्या जमेवर इथे रिझर्व्ह बँक रुपयाच्या नोटा काढायची. माल बाहेर गेला, कागद इथे राहिला. १९३९ ते १९४५ या काळात नोटांचे चलन सुमारे सहापट झाले. ऑगस्ट १९३९ चे घाऊक भाव १०० धरले तर १९४४-४५ मध्ये सरकारी निर्देशांक २४० च्या पुढे होता. १९४० मध्ये रुपयातली चांदीही निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोट चालू केली. हा कर कोणत्याही सभागृहात मंजूर झाला नव्हता, पण तो प्रत्येक चुलीने भरला.

सगळ्यांनी तो सारखा भरला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. त्यांच्यामागे संघटना होती. गावातल्या मुलाणी, लोहार, सुतार यांना बलुते धान्यात मिळायचे, त्यामुळे सुगी बरी असेल तर त्यांच्या पोटाला थोडा आधार होता. विकण्याइतके धान्य असलेल्या मोठ्या शेतकऱ्याचे कर्ज हलके झाले. सर्वांत जास्त भरडला गेला तो रोख मजुरीवरचा भूमिहीन माणूस. त्याला ना भत्ता, ना बलुते. रॉकेल आणि कापड मिळेनासे झाले, काळा बाजार फोफावला.

अशा वेळी, १९४३ मध्ये, प्रतिसरकार उभे राहिले. त्यांच्या न्यायदान मंडळांनी गावातच निवाडे दिले. सावकार आणि काळाबाजारवाले यांना धाक बसवला. कमी खर्चातली गांधी विवाह पद्धत चालवली. लग्नासाठी होणारे कर्ज टळणे ही त्या महागाईत मजुरीवाढीइतकीच मोठी गोष्ट होती. लोकांनी त्यांना सरकार म्हटले ते यामुळेही.

पण राज्य चालवायला पैसा लागतो, हा नियम प्रतिसरकारलाही चुकला नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांच्या आसपास सरकारी खजिना लुटला गेला. गोरगरिबांवर कर बसवायचा नाही, तर पैसा सरकारी तिजोरीतून आणायचा, असा तो मार्ग. लढ्याच्या दिवसांत तो निभावला. कायमचे राज्य मात्र असे चालत नाही. त्याला कर घ्यावाच लागतो आणि तो कुणाकडून घेतला हे उघड सांगावे लागते.

आजही महागाई वाढली की नोकरदाराचा भत्ता वाढतो. ऊसतोड मजुराला कोयता खाली ठेवून संप करावा लागतो, आणि रोजंदारीवरच्या शेतमजूर बाईला तेही जमत नाही. म्हणून सरकारने कर वाढवला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. तिच्या एका दिवसाच्या रोजात गेल्या वर्षी किती ज्वारी यायची आणि आज किती येते, हे आधी विचारावे.