गुलाब त्यांचा, गवत आपलं, नाव भलत्याचंच!

गुडघे दुखायला लागले की आपल्याकडे अजूनही रोशेल तेलाची बाटली निघते. उग्र, गोडसर वास. म्हाताऱ्या माणसांचं तेल म्हणून आपण नाक मुरडतो. पण याच तेलाने एकेकाळी जगातल्या सगळ्यात महागड्या गुलाब अत्तरात जागा मिळवली होती. चोरून का होईना!

रोशा गवत सातपुड्याच्या उतारांवर आपोआप उगवतं. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, तळोदा, शहादा, पिंपळनेर या पट्ट्यात त्याच्या भट्ट्या चालायच्या. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर यायचं, की कापणी सुरू. भट्टी ओढ्याकाठी, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं. मोठं भांडं, त्यात गवत आणि पाणी, खाली जाळ, वर बांबूची नळी. साधी यंत्रणा, पण लाकूड भरपूर जळायचं.

तेल मुंबईला जायचं, तिथून गलबतांनी तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणि पुढे थेट इस्तंबूलला.

तिथे खरा खेळ. बल्गेरियातलं कझानलुकचं खोरं तेव्हा तुर्कांच्या राज्यात होतं. गुलाबतेल तिथलंच नावाजलेलं. एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. एवढ्या महाग मालात भेसळ होणारच. तुर्की व्यापारी आपलं रोशा तेल लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळायचे, उन्हात ठेवायचे. उग्रपणा जायचा, रंग फिकट व्हायचा. मग ते गुलाबतेलात मिसळायचं, नाहीतर भट्टीत जाण्याआधीच पाकळ्यांवर शिंपडायचं. भेसळ आपल्याकडेही होतीच. रोशात स्वस्त तेलं मिसळली जायची. म्हणजे भेसळीच्या मालातही भेसळ!

पण हे तेल गुलाबात खपायचं का? उत्तर १८७१ साली मिळालं. ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक द्रव्य पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. गुलाबाच्या वासातही तेच द्रव्य असतं. चांगल्या रोशा तेलात ते साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त.

त्या द्रव्याला नाव काय मिळालं? जिरॅनिऑल. का, तर युरोपच्या बाजारात आपलं तेल 'जिरॅनियम तेल' म्हणून विकलं जायचं. कधी 'इंडियन', कधी चक्क 'टर्किश'. जिरॅनियम हे वेगळंच झाड, त्याचा या गवताशी काही संबंध नाही. आज साबणापासून अत्तरापर्यंत जिरॅनिऑल सगळीकडे आहे. रोशाचं नाव कुठेच नाही.

शास्त्रीय नावाचीही तीच गत. सिम्बोपोगॉन मार्टिनी. हा मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या लढाईच्या वेळी त्याने बालाघाटच्या डोंगरातून बी गोळा केलं, लखनौला लावलं, कलकत्त्याला रॉक्सबर्गकडे पाठवलं. झालं, गवत त्याच्या नावावर. आणि परदेशात तेलाला म्हणतात पामारोसा.

नावात काय आहे, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, भाव नावातच आहे. ज्याचं नाव बाटलीवर, त्याच्या हाती नफा. गवत कापणाऱ्याच्या वाट्याला मजुरी, भट्टीवाल्याला थोडं जास्त, बाकी सगळं मुंबई आणि इस्तंबूलमध्ये. दीडशे वर्षांपूर्वी हे घडलं तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं.

आज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिलाय. औषधी वनस्पती त्यात स्पष्ट लिहिल्यात. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, त्या ग्रामसभांनी तेंदू-मोहाबरोबर रोशाचाही विचार करायला काय हरकत आहे? जंगल न जाळता, कमी लाकडात चालणारी भट्टी, आणि बाटलीवर आपल्या डोंगराचं नाव. सरकारी योजनेची वाट बघायची तर आणखी शंभर वर्षं जातील.

तुमच्या गावशिवारात रोशाची जुनी भट्टी होती का? आजोबा-पणजोबा काही सांगायचे का? खाली नक्की लिहा. हा इतिहास निदान आपण तरी आपल्या नावाने लिहून ठेवू.